भरल्या पाण्यापाशी

लातूरच्या माणसाला पाणी मोजायला शिकवावं लागत नाही. घागर पंधरा लिटरची, ड्रम दोनशेचा, गच्चीवरची काळी टाकी हजाराची, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. नळ कधी येणार, किती वेळ राहणार, आला की आधी काय भरायचं आणि गेल्यावर काय पुरवून वापरायचं, हा हिशेब प्रत्येक घराच्या डोक्यात चालू असतो. या हिशेबात एकच गोष्ट कुठे धरलेली नसते, ती म्हणजे पाण्याचं वय. वय झालेलं पाणी आमच्याकडे शिळं. नवं पाणी आलं की पिण्याच्या हंड्यातलं कालचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला, आणि हंडा चिंचेनं लख्ख घासून पुन्हा ताज्याने भरायचा. पाणी जुनं होऊ द्यावं, मुद्दाम ठेवून पिकू द्यावं, ही कल्पना मी या घरात सून म्हणून आल्यापासून कधी ऐकली नव्हती. ती घरात आली माशांच्या टाकीबरोबर, आणि तीही मासे यायच्या बऱ्याच आधी.

टाकी साधीच, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर छप्पन्न लिटर, म्हणजे पावणेचार घागरी. काच, वाळू आणि पाणी मिळून वजन सत्तर किलोच्या घरात जातं. म्हणून ती हलत्या टीपॉयवर ठेवता येत नाही, आणि खाली जरा उंचसखल असलं तरी ताण काचेच्या एकाच कोपऱ्यावर येतो. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावरून थर्मोकोलचा पत्रा आणला, टाकीच्या मापाने कापला, तळाशी अंथरला. मग पाणी भरून एक रात्र तशीच ठेवली. सकाळी सांध्यांच्या कडेने कोरडं वर्तमानपत्र फिरवलं. कागद कुठेच ओला झाला नाही. मुलाने त्याच सकाळी विचारलं, "मग आज मासे?"

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. त्या खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, लातुरात शोभेला पाणी?"

या प्रश्नाला 2016 सालाची धार आहे. त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. घागर घेऊन पाचापेक्षा जास्त माणसांनी उभं राहायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. 12 एप्रिलच्या पहाटे ती लातुरात पोचली तेव्हा लोक गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसे वाघिणींकडे बघत होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या गाडीची एक गोष्ट मला नेहमी आठवते. त्या वाघिणी पाण्यासाठी पाठवण्याआधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. गाव तहानेलं आहे, तरी आधी भांडं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भांडं धुणं मला नको शिकवूस." टाकीला परवानगी मिळाली ती बहुधा तिथेच.

भांडं धुण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण या भांड्याला साबण चालत नव्हता. साबणाचा अंश काचेवर, वाळूत राहतो आणि माशाच्या कल्ल्यांना बाधतो. म्हणून नुसतं पाणी आणि कोरा स्पंज. वाळूचं काम त्याहून चिकट. नदीची वाळू परातीत घेऊन हाताने ढवळली की पहिलं पाणी काळंभोर निघतं, दुसरं चहासारखं, तिसऱ्याला जरा तळ दिसतो. लातुरात इतकं पाणी ओतून देणं कुणालाच जमत नाही. धुवणीचं पाणी मोठ्या टोपात ठेवायचं, गाळ बसला की वरचं पुन्हा पुढच्या परातीला घ्यायचं, आणि उरलेला गाळ कढीपत्त्याच्या आळ्यात. सासूबाई न सांगता या कामाला बसल्या.

वाळू धुऊन झाल्यावर तिची परीक्षा घ्यायची असते. आमच्या मुलखातला दगड बेसाल्ट. काळा, टणक, पाण्यात काही न सोडणारा. पण काळ्या मातीतून चुनखडीचे पांढुरके खडे निघतात आणि ते नदीच्या वाळूतही मिसळतात. ताटलीत निवडक खडे मांडून त्यांवर लिंबू पिळलं. काळे दगड, गारगोट्या नुसत्या ओल्या झाल्या. एका मळकट पांढऱ्या खड्यावर मात्र बारीक बुडबुडे उठले, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू आली. तो चुना. असे खडे टाकीत राहिले की हळूहळू विरघळून पाणी अधिक जड करतात. मुलाला हा खेळ इतका आवडला की त्याने घरातली लिंबं संपवली.

मग प्रश्न आला, टाकीत पाणी कोणतं? नळाच्या पाण्यात क्लोरीन. ते माशालाही मारतं आणि टाकीत जे वाढवायचं आहे त्यालाही. पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातं; घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, त्यांत बहुधा फोटोवाले हायपो म्हणायचे ते सोडियम थायोसल्फेट असतं. बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त, पण क्षारांनी भरलेलं. आमच्या गीझरच्या कॉइलवर त्याचा पांढरा थर साचतो आणि डाळ शिजायला एक शिट्टी जास्त लागते. मुलाने तिसरा मार्ग सुचवला, "जारचं पाणी टाकू ना, ते सगळ्यात शुद्ध." दुकानातल्या थंड जारवर या शहराचा मोठा विश्वास आहे. पण त्या पाण्यातून आरओ यंत्राने क्षार जवळजवळ सगळे काढलेले असतात. माशाच्या अंगातल्या क्षारांचा तोल बाहेरच्या पाण्याशी बांधलेला असतो, आणि पाण्यात कार्बोनेटच नसेल तर त्याचा सामू, म्हणजे पीएच, टिकत नाही, बघता बघता घसरतो.

म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याला आम्ही जन्मभर नावं ठेवली तेच इथे कामाचं निघालं. गप्पी, मोली, प्लॅटी या पिलं घालणाऱ्या माशांना जड पाणी मानवतं. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला निऑन टेट्रा इथे आणून त्याच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा इथल्या पाण्याला झेपेल तो मासा निवडावा. ऊस आणि तूर यांच्याबद्दल मराठवाड्यात हाच वाद किती वर्षं चाललाय. निदान हॉलमधल्या छप्पन्न लिटरपुरता निकाल मला लावता आला.

टाकी भरली, फिल्टर लावला, दिवा लावला. पाणी असं नितळ की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता यावी. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, आता सोडा मासे. आणि नेमकं हेच पाणी माशाला सगळ्यात घातक असतं.

कारण मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तळाशी पडलेलं अन्न कुजलं की तोही अमोनियाच. तो माशाच्याच कल्ल्यांना जाळतो. किती जाळणार हे सामूवर ठरतं. पाणी पंचवीस अंशांचं असेल तर सामू 7 ला एकूण अमोनियातला शंभरात अर्धा भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच पाचाच्या वर जातो. आमचं बोअरचं पाणी आठाकडे झुकणारं. नदीत, विहिरीत हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडावर, गाळावर, शेवाळावर आधीपासून वस्ती करून असतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते माशाला बरंच सोसतं आणि झाडाला तर हवंच असतं. नव्या टाकीत या दोन्ही जातींपैकी जवळजवळ कुणीच नसतं. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला घालत राहावं लागतं.

हे गणित सोडवायला माणसाला बराच काळ लागला. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची झाडं ठेवली. झाडांची जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने कुजकं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळलं. झाड, मासा आणि गोगलगाय यांचा तोल त्याला दिसला. त्या तोलातले सगळ्यात मोठे कामकरी मात्र अदृश्य होते. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपवलं. वीसेक दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया आत गेला तसाच बाहेर आला. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद. म्हणजे हे काम वाळूचं नव्हतं, वाळूत राहायला आलेल्या जिवांचं होतं. पुढे इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवांकडून होतं हे ज्याने दाखवलं, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, त्या टाकीवाल्याचा मुलगा. बापाने टाकीत तोल पाहिला, मुलाने मातीत त्याचं कारण शोधलं. ते जिवाणू वेगळे काढून वाढवायचं यश मात्र 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्कीला मिळालं.

रोथॅमस्टेडला हे संशोधन चाललं ते शेतीसाठी. आमच्या औशाकडच्या शेतात युरियाचं पोतं फुटतं तेव्हा मातीत हेच घडतं. आधी अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या फुकट चाललेलं काम हॉलमधल्या काचेत मात्र पहिल्यापासून मांडावं लागत होतं.

त्यासाठी मी रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकू लागले. ते कुजायचं, त्यातून अमोनिया व्हायचा. सासूबाई बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मासा नाही अन् दाणे कुणाला टाकायलीस?" पाणी तर आठवड्याच्या आत दुधाळ झालं. नवं पाणी मिळाल्यावर दुसरेच जिवाणू भसकन वाढतात, त्यांचा तो ढग. काही दिवसांत आपोआप विरतो. पण घरात येणाऱ्या प्रत्येकाने पाणी बदलायचा सल्ला दिला. काही न करणं हे अशा वेळी सगळ्यात अवघड काम असतं.

वाट थोडी कमी करता येते. माझं माहेर नांदेडचं. तिथे दादाकडे जुनी टाकी आहे. फोनवर त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "कशाला थांबायलीस? ये अन् माझा स्पंज घेऊन जा." माहेरी जायला एवढं कारण पुरे होतं. दादाने फिल्टर उघडला, त्यातला तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढला. वहिनीने नाक मुरडलं. मी नळाकडे वळले तशी दादाने बादली पुढे सरकवली. नळाच्या क्लोरीनखाली धरला की त्यातलं सगळं मरतं. टाकीतल्याच पाण्यात हलकेच दाबून वरचा मळ काढायचा, बस. अर्धा स्पंज कापून त्याने स्टीलच्या डब्यात ठेवला, वर बोटभर टाकीचं पाणी ओतलं. या जिवांना ऑक्सिजन लागतो. म्हणून डबा भरून टाकायचा नाही, झाकण अधूनमधून उघडायचं, आणि उन्हात ठेवायचा नाही.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणारी एसटी. डबा मांडीवर. अहमदपूरच्या अलीकडे मी झाकण उघडलं तशी शेजारची मावशी वाकून बघू लागली. गोदावरीकाठच्या घरातलं तळाचं पाणी, त्यात तपकिरी बोळा.

"काय हाय माय ह्यात?"

"पाणी," मी म्हटलं.

"नांदेडहून लातूरला पाणी न्यायलीस व्हय?" तिने मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, आणि बसमध्ये हशा पिकला. तो चेष्टेचा नव्हता. त्या हशात 2016 ची रेल्वे होती, नांदेडचं विष्णुपुरी धरण होतं, मांजरा होती, आणि आपापल्या गावचं नळाचं वेळापत्रकही होतं. चाकूर येईपर्यंत चर्चा पाण्यावरच चालली. डब्यात खरोखर काय आहे ते कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर तो स्पंज आमच्या फिल्टरमध्ये, पाणी ज्या वाटेने जातं तिथे बसवला. सासूबाई जवळ उभ्या. त्यांना मी नायट्राइट, नायट्रेट सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी मधेच हात हलवला. "विरजण म्हण की सरळ. दादाच्या घरचं विरजण." माझ्या सगळ्या वाचनापेक्षा ते नेमकं होतं. विरजण कोमट दुधातच लागतं, थंडीत उशिरा लागतं, आणि लागत असताना भांडं हलवायचं नसतं, टाकीचंही तसंच. दसऱ्याच्या आधीची ती उकाड्याची हवा टाकीला पोषक होती. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच उत्तर देऊ लागल्या, "विरजण लावलंय, हात लावू नका."

त्याच दिवसांत डेंग्यूच्या सर्वेक्षणासाठी एक ताई घरोघरी फिरत होत्या. आमच्याकडचे ड्रम, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, सगळीकडे टॉर्च मारून झाला. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, हे त्यांनी बजावलं. मग त्यांची नजर टाकीवर गेली. "एवढं पाणी अन् मासे नाहीत? अळ्या होतील. गप्पी देऊ का? फुकट असतात." पाण्याचा पृष्ठभाग फिल्टरने सतत हलता ठेवलाय आणि वर झाकण आहे हे मी दाखवलं, तेव्हा त्या मानल्या. गप्पी मात्र नाकारावे लागले, अजून पाणी तयार नव्हतं. "विहिरीत, गटारीत जगतात की ते," त्या म्हणाल्या. खरंच जगतात. पण ती विहीर जुनी असते. तिच्या दगडांवर, गाळात अमोनिया खाणारे बसलेले असतात, आणि गप्पींच्या वाट्याला पाणीही मुबलक असतं. घासूनपुसून लख्ख केलेल्या आमच्या पेटीत त्या घाणेरड्या विहिरीइतकीही सोय नव्हती.

सोय झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते काचेच्या नळीत दिसतं. टाकीचं थोडं पाणी नळीत घ्यायचं, बाटलीतले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं आणि कागदावरच्या रंगपट्टीशी ताडून बघायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं, असेल तर हिरवं होत जातं. नायट्राइट नसेल तर आभाळी निळं, असेल तर जांभळं. नायट्रेट पिवळ्यावरून नारिंगी, मग लाल. आधी हिरवा गडद झाला. मग हिरवा उतरू लागला आणि जांभळा चढला, म्हणजे पहिली वस्ती बसली होती आणि दुसरी अजून कमी पडत होती. हा मधला काळ फसवा असतो. अमोनिया गेला म्हणून लोक मासे सोडतात आणि नायट्राइट त्यांच्या रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकदच काढून घेतं. नळ्या मुलाने आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून तो आधी रंग बघायचा. मासे कधी, हे विचारणं त्याने कधी थांबवलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मला त्या दिवसांत एक गोष्ट जाणवत राहिली. वाट बघायची सवय आम्हाला आहे, पण ती रिकाम्या भांड्यापाशी. नळ येईपर्यंत, टँकर येईपर्यंत, पाऊस येईपर्यंत. भांडं भरलं की आमची वाट संपते आणि वापर सुरू होतो. भरल्या पाण्यापाशी थांबायचं, ते वापरायचं नाही, फेकायचं नाही, नुसतं त्यात काय वाढतंय ते बघायचं, हे मी पहिल्यांदा करत होते. वीज गेली की जीव खालीवर व्हायचा. फिल्टर थांबला की स्पंजमधल्या जिवांना ऑक्सिजन मिळत नाही, काही तासांत ते दम तोडू लागतात. मग मी तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत बसायचे. पाणी पुरेसं आहे का, एवढीच काळजी जन्मभर केली. पाण्याला श्वास पुरेसा आहे का, ही काळजी नवी होती. धरणं किती टक्के भरली हे पावसाळ्यात रोज पेपरात येतं आणि आम्ही ते निकालासारखं वाचतो. ते पाणी आत काय घेऊन जगतंय, हा आकडा कुणी मागत नाही. आता मला तो मागावासा वाटतो.

एका संध्याकाळी खाद्य टाकून चोवीस तास झाले होते तरी अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची निळी राहिली. नायट्रेटची तेवढी लाल झाली. मुलगा ओरडतच स्वयंपाकघरात आला. सारं चक्र फिरू लागलं होतं. मासे सोडण्याआधी आता एकच काम उरलं, साचलेलं नायट्रेट उतरवण्यासाठी अर्धं पाणी बदलणं. आणि मासेही एकदम डझनभर नाहीत, सुरुवातीला तीन-चारच. वस्ती जेवढ्या अन्नावर वाढली तेवढाच भार तिला पेलतो, जास्त हवा असेल तर तिला पुन्हा वेळ द्यावा लागतो.

अर्धं पाणी म्हणजे मोठ्या दोन बादल्या. मी नळी लावून बादली भरली आणि मोरीकडे उचलली तशी सासूबाई आडव्या आल्या. मासे अजून दुकानातच होते, पण त्यांच्या पाण्याचे दावेदार ठरले होते. तुळशीला एक बादली, कढीपत्त्याला अर्धी, आणि उरलेली समोरच्या काकूंच्या जास्वंदीला, त्याही अटीवर की काकूंनी ती स्वतः येऊन न्यायची. नायट्रेट झाडाला चालतं, एवढं त्यांनी माझ्या सांगण्यातून बरोबर उचललं होतं. शनिवारी पाणी बदलायचं, तेही त्यांनीच ठरवलं, कारण शनिवारी नळ येतो. मग ओटा पुसता पुसता घराचा नवा कायदा सांगितला, "पिण्याचं ताजं, माशांचं जुनं, अन् तुळशीचं माशांनंतरचं. जा आता, आण तुझे मासे."